तलावाभोवती काचेचे कुंपण बसवताना या चुका टाळा

अलिबाग, लोणावळा, गोवा अशा ठिकाणच्या बंगल्यांत पोहण्याच्या तलावाभोवती काचेचे कुंपण आता सर्रास दिसते. काचेमुळे नजर अडत नाही हे खरे. पण लहान मूल एकटे पाण्यापर्यंत पोहोचू नये यासाठीच हे कुंपण असते, आणि हा हेतू विसरला की चुकांना सुरुवात होते.

पहिली चूक मापाची आहे. टफन्ड काच, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली काच, भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून नकाशावरून माप देऊन काच आधी मागवणे महागात पडते. तलावाभोवतीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो. तो मोजलाच नाही, तर काचेखालची फट एका टोकाला 60 मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला 130 मिलिमीटर होऊन बसते. घरगुती तलावांच्या कुंपणाबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम कडक आहेत. त्यानुसार फट 100 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि कुंपणाची उंची किमान 1200 मिलिमीटर असावी. आपणही हीच मापे धरावीत, आणि फरशीचे काम पूर्ण झाल्यावरच टेप लावावी.

दुसरी चूक पायाची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत धोक्याची आहे. 12 मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला 30 किलो भरते, म्हणजे 1.2 मीटर रुंद आणि तेवढ्याच उंचीचा एक तुकडा सुमारे 43 किलोंचा होतो, आणि त्याच्या वरच्या कडेला कोणी रेलले की तरफेसारखा सगळा जोर खालच्या दोन स्पिगॉटांवर, म्हणजे काच खालून पकडणाऱ्या धातूच्या आखूड खुंटांवर, येतो. हे स्पिगॉट नुसत्या फरशीत आणि तिच्याखालच्या मसाल्यात बसवले, तर काही महिन्यांतच ते हलू लागतात. कोकणात जांभ्याच्या बांधकामावर थेट बोल्ट मारले जातात, पण जांभा ठिसूळ असल्याने बोल्ट धरून राहत नाही. कुंपणाखाली सलग आरसीसी पट्टा हवाच, बोल्ट त्याच्या कडेला अगदी चिकटून नसावेत, आणि भोक पाडण्यापूर्वी तलावाचे पाइप व विजेच्या वायरी कुठून गेल्या आहेत ते पाहून घ्यावे.

धातूच्या निवडीतही फसगत होते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, असे अनेक जण समजतात; परंतु स्टेनलेस स्टीलच्या 304 आणि 316 या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्यांतला फरक या परीक्षेने कळतच नाही. समुद्राजवळ किंवा खाऱ्या पाण्याच्या तलावाशी 316 प्रतच हवी, कारण तिच्यातील मॉलिब्डेनममुळे ती क्षारांना अधिक काळ तोंड देते. तिचे चाचणी प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागून घ्यावे. एका बंगल्यात 316 चेच स्पिगॉट असूनही पंधरवड्यातच त्यांच्या बुडाशी चहाच्या डागांसारखे तपकिरी ओघळ आले होते. चौकशी केली तेव्हा कळले, की गवंड्याने सिमेंटचे डाग काढण्यासाठी फरशी अ‍ॅसिडने धुतली होती. हे धुणे स्पिगॉट बसवण्यापूर्वीच उरकावे, आणि काच लागल्यानंतर तिच्या आसपास वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग मुळीच करू नये. ठिणग्यांनी काचेवर कायमचे टवके पडतात.

टफन्ड काच क्वचित आपोआपही फुटते, कारण तिच्यात निकेल सल्फाइडचे सूक्ष्म कण राहून गेलेले असू शकतात. हीट सोक चाचणी (कारखान्यातच काच पुन्हा तापवून सदोष तुकडे आधीच फुटू देणे) झालेली काच घेतल्यास हा धोका बराच कमी होतो.

आता फाटकाविषयी. ते तलावाच्या बाहेरच्या बाजूला उघडावे, सोडताच आपोआप मिटावे आणि त्याचा खटका स्वतःहून लागावा. खटक्याची मूठ जमिनीपासून किमान 1500 मिलिमीटर उंच हवी. काम ताब्यात घेताना फाटक पूर्ण उघडून तर पाहावेच, पण दोन बोटे जाईल इतकेच उघडून अलगद सोडूनही पाहावे. सदोष बिजागरी बहुधा इथेच उघडी पडते आणि फाटक खटक्याला नुसते टेकून उभे राहते. फाटक जोरात आपटते म्हणून पाहुणे आले की त्याला दगड लावून ठेवतात, आणि मग कुंपण असून नसल्यासारखे होते. बिजागरीच्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. तो जुळवून घ्यावा आणि दगड तिथून हलवावा. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला कुंड्या, बाक किंवा पंपाची पेटीही ठेवू नये, कारण चार वर्षांच्या मुलाला वर चढायला तेवढा आधार पुरतो.