जीन्स आधी उलटी करा

गेली १९ वर्षं मी लोकांच्या फाटलेल्या जीन्स दुरुस्त करते. खरं म्हणजे उसवते, शिवणं त्यानंतर येतं. शिवणाऱ्याला जीन्स नवी असताना दिसते, मला ती मेल्यावर दिसते. आणि मरते ती ठरलेल्या चार-पाच जागीच: मांड्या एकमेकींना घासतात तिथे, आसनाच्या चौकात, मागच्या खिशाच्या कोपऱ्यात, लुप्पीच्या (पट्टा ओवायच्या पट्टीच्या) मुळाशी आणि बॉटमच्या, म्हणजे पायाच्या खालच्या दुमडीच्या, टाचेकडच्या कडेला.

त्यामुळे जवळच्याच एखाद्या छोट्या कारखान्यात शिवलेली, फारसं नाव नसलेली जीन्स घेऊन कोणी "ताई, घेऊ का ही?" असं विचारलं, की मी ती आधी उलटी करते. वरची बाजू धुलाईवाल्याने सजवलेली असते. शिवणाऱ्याचा हात कळतो तो आतून.

आत पहिल्यांदा मायेकडे बघा. माया म्हणजे शिलाईच्या पलीकडे सोडलेलं कापड. ती १ सेंटीमीटरच्या आसपास आणि सगळीकडे सारखी असावी. कुठे रुंद, कुठे जेमतेम नखाएवढी अशी दिसली, तर कापताना कापड वाचवलंय किंवा शिवताना घाई केलीय. अशी शिलाई सुटली की पुन्हा पकडायला कापडच हाती लागत नाही. मग मी एका शिलाईच्या दोन्ही बाजूंना धरून आडवं ताणते. मधले दोरे शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे पडले, तर टाका सैल आहे. एका इंचात ७ ते ९ टाके मला पुरेसे वाटतात. बारीक टाका म्हणजे मजबूत, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण जाड कापडात फार दाट टाके घातले की सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि कापड त्याच रेषेत फाटतं. माझ्याकडे येणाऱ्या काही जीन्समध्ये शिलाई शाबूत असते आणि शेजारचं कापड गेलेलं असतं.

मागच्या आसनाची शिलाई आणि मांडीची आतली शिलाई, या दोन ठिकाणी कडा एकमेकींत दुमडून वरून दोन ओळी मारलेल्या असाव्यात, म्हणजे आतून सुटं टोक दिसतच नाही. पायाच्या बाहेरच्या शिलाईला ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड नुसती दोऱ्याने गुंडाळलेली, असलं तरी बिघडत नाही, तिथे ताण कमी येतो. दोन्हीकडे नुसतं ओव्हरलॉक असेल, तर ती जीन्स पायजम्यासारखी शिवली आहे, तिचे पैसेही तेवढेच द्या. या दोन ओळी बऱ्याचदा साखळी टाक्याच्या असतात, आतून बघितलं की साखळी दिसते. हा टाका ताणला जातो, म्हणून आसनाला चांगला. खोड एकच. एक दोरा तुटला आणि बरोबर टोक हाती आलं, की सगळी ओळ सर्रकन उसवते. टोकं बारटॅकने पक्की केली आहेत का, तेवढं बघा.

बारटॅक म्हणजे तो छोटा, घट्ट, आडवा-तिडवा टाक्यांचा पट्टा. तो मोजायचाच: चेनच्या खाली, मागच्या खिशांच्या वरच्या कोपऱ्यांवर, प्रत्येक लुप्पीच्या दोन्ही टोकांना. जीन्स वर ओढताना आपण सगळे लुप्पीतच बोट घालतो आणि सगळा भार तिच्यावर टाकतो. मागच्या मधल्या लुप्पीला धरून एक जोरदार हिसका द्या. विकणारा रागावला तर ते उत्तरच समजा.

रिव्हेटचं, म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकलेल्या धातूच्या टिकलीचं, कामही हेच. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने ताण येणाऱ्या जागी तांब्याच्या रिव्हेट ठोकायला सुरुवात केली आणि १८७३ मध्ये लेव्ही स्ट्राउस यांच्यासोबत त्याचं पेटंट मिळवलं. आज निम्म्या रिव्हेट नुसत्या दागिन्यासारख्या असतात. खिशात बोट घालून मागची टोपी चाचपा. रिव्हेट सगळ्या थरांतून आरपार गेली आहे की नुसती वरच्या कापडाला चिकटलीय, ते कळतं. बोटाला टोचली तर ती मांडीलाही टोचणार आणि आधी खिशाचं अस्तर फाडणार. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, म्हणजे वरचा मुलामा गेल्यावर गंज चढू शकतो. चेन पाच-सहा वेळा खालीवर करा, अर्ध्यात सोडून बाजूने ओढा. ती तिथेच अडून राहिली पाहिजे.

आता कापड. इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एकदा शिवणाऱ्याने चौदा औंसाचं, म्हणजे चांगलं जाड, म्हणून दिलेलं कापड मी डोळे मिटून घेतलं. हातात पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. पहिल्या धुण्यात बादलीत पांढुरकं पाणी आलं आणि जीन्स ओल्या रुमालासारखी लोळागोळा झाली. सगळा जाडपणा खळीचा होता! तेव्हापासून मी कापडाचा कोपरा दोन बोटांत जोरात चोळते. पांढरी भुकटी झडली आणि चोळलेली जागा लगेच मऊ पडली, तर ती खळ. थोडीफार खळ कोऱ्या डेनिमला असतेच, पण तिच्यावर वजनाचा अंदाज बांधायचा नाही.

डेनिमचं वजन चौरस यार्डाला किती औंस, असं सांगतात. बारापेक्षा कमी म्हणजे हलकं, बारा ते सोळा मध्यम, त्यापुढे भारी. रोजच्या वापराला मला बारा-तेरा पुरतं, त्याहून जाड घेतलं की बसताना गुडघ्यामागे टोचत राहतं. जवळच्या कारखान्याचा मोठा फायदा इथे होतो, कारण तिथे त्याच कापडाची कात्रणं पडलेली असतात. २० बाय २० सेंटीमीटरचा तुकडा मागा, धुऊन वाळवा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. साधारण १६ ग्रॅम भरला तर बारा औंस, १९ भरला तर चौदा. १३-१४ ग्रॅम आला आणि तोंडी चौदा औंस सांगितलं असेल, तर पुढचं बोलणं तुमचं तुम्ही करा. हाच तुकडा धुण्याआधी आणि नंतर मोजला की आटणंही कळतं. सॅनफोराइज केलेलं, म्हणजे आधीच आटवून घेतलेलं कापड पुढे २-३ टक्क्यांहून जास्त आटू नये. न आटवलेलं १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि तीस इंच लांबीत १० टक्के म्हणजे तीन इंच घोटे उघडे.

लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, मिसळलेलं कापड वाईट नसतं. एक-दोन टक्के असलं तर बसायला-उठायला आराम देतं. फक्त ताणून सोडल्यावर ते जागेवर परत आलं पाहिजे. गुडघ्याच्या जागी अंगठा जोरात दाबून सोडा. फुगा तसाच राहिला तर महिनाभरात दोन्ही गुडघ्यांना कायमचे फुगे येतील.

रंगासाठी मायेतून एक निळा उभा धागा ओढून त्याचा पीळ उलगडा. आतला गाभा पांढरा दिसला तर नीळ बहुधा नेहमीच्या पद्धतीने वरवर चढवलेली आहे, आणि म्हणूनच जीन्स घासल्या जागी सुंदर फिकी होते. मग पांढरा रुमाल कोरडा घासा, नंतर ओला. गडद निळ्या जीन्सचा ओल्या रुमालावर थोडा रंग येणारच, त्याला दोष देऊ नका. कोरड्यावरच भरपूर आला, तर जास्तीचा रंग नीट धुतलेला नाही. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून नीळ पक्की होत नाही. उलटी करून थंड पाण्यात वेगळी धुवा, तेवढंच.

जीन्सचा पाय पिळला जातो का, ते बघायला ती सपाट पसरा. कंबर सरळ ठेवली की बाजूची शिलाई पायाच्या कडेलाच खाली उतरायला हवी. ती नडगीवर वळून आली असेल, तर कापड तिरकं कापलंय किंवा विणीतला पीळ काढलेला नाही. हे कोणीही दुरुस्त करू शकत नाही, मीसुद्धा नाही. उजेडात दोन्ही पायांची छटाही ताडून बघा. वेगवेगळ्या ठाणांतून कापलेले पाय दुकानातल्या दिव्यांत कळत नाहीत.

गुडघ्यावर पांढऱ्या केलेल्या, आधीच फाडलेल्या जीन्सबद्दल माझं मत सरळ आहे: तुम्ही वापरायचं आयुष्य दुसऱ्याने आधीच वापरलंय. ब्लीच आणि दगडांच्या धुलाईने कापड झिजतं. अशी घ्यायचीच असेल तर बॉटमची कड आणि चेनवरची पट्टी उजेडासमोर धरा, सगळ्यात आधी तिथूनच आरपार दिसायला लागतं.

भाव पटतो की नाही, हे मी महिन्यांत मोजते. आठवड्यातून तीन दिवस घातली तर ही किती महिने टिकेल, याचा प्रामाणिक अंदाज करायचा आणि किंमत त्याने भागायची. दुप्पट महाग जीन्स तिप्पट टिकली तर ती स्वस्त. पण त्यात दुरुस्तीही धरा. जवळच्या शिवणाऱ्याकडे शिलाई सुटली तर परत जाता येतं, म्हणून घेतानाच विचारा: आसनाची शिलाई सुटली तर करून द्याल का, आणि किती दिवसांपर्यंत? मोजमाप कागदावर ठेवाल का? एका कारखान्याचा बत्तीस दुसऱ्याच्या बत्तीसशी जुळत नाही, म्हणून आकड्यावर जाऊ नका, घालून उकिडवे बसा.

आणि निघताना तळहाताएवढी त्याच कापडाची दोन कात्रणं आणि थोडा तोच दोरा मागून घ्या. मांडीजवळचं कापड विरायला लागलं, की मला नेमकं तेच लागतं. दुसऱ्या निळ्या रंगाचं ठिगळ कितीही नीट लावलं तरी लांबून ओळखू येतं.