हॅन्ड लेटरिंगसाठी कल्पना कुठून आणायच्या, कॉपी न करता

"इन्स्टाग्रामवर पन्नास आर्टिस्ट फॉलो करा, पिंटरेस्टवर बोर्ड बनवा, इन्स्पिरेशन आपोआप येईल" हा सल्ला जिथे तिथे दिसतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं, कारण याच सल्ल्याने माझं एक काम वाया गेलंय.

हॅन्ड लेटरिंग म्हणजे एखादा शब्द तयार फॉन्ट न घेता हाताने चित्रासारखा काढणं. कागद, पेन्सिल, ट्रेसिंग पेपर, ब्रश पेन आहे असं धरून चालतो.

आधी शब्द घ्या आणि साध्या हस्ताक्षरात वीसेक वेळा लिहा. काने किती, शिरोरेषेच्या वर काय जातं, खाली काय उतरतं एवढं कळलं की बास. मग शब्दाचा स्वभाव ठरवा. अक्षरकार कमल शेडगेंनी केलेली नाटकांची टायटल्स शोधून बघा, नाटक बदललं की अक्षराचा बाजच बदलतो.

आता रेफरन्स. सगळे इथेच घसरतात. मित्राच्या गावच्या घरासाठी ‘आजोळ’ अशी पाटी करायची होती. तीन दिवस मी सेव्ह केलेल्या पोस्ट चाळत होतो, मग एका बैठकीत काढलं, ज चं टोक लांबवून ळ च्या खालून वळवलं आणि जाम खूश झालो. सागवानात कोरून पाटी लागली सुद्धा, आणि महिन्याभराने एकाने मला एक जुनी पोस्ट पाठवली, तेच टोक, तेच वळण. ती पोस्ट माझ्याच सेव्हमध्ये होती! चोरी करायची नव्हती हो, पण हात बघितलेलं काढतो आणि आपल्याला वाटतं सुचलं. पाटी मी स्वतःच्या खर्चाने परत करून दिली.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. तयार लेटरिंगवरून लेटरिंग करायचं नाही, आणि जो शब्द हातात आहे तो सर्च तर अजिबात करायचा नाही.

मग बघायचं काय? तीच पाटी दुसऱ्यांदा करताना मी आजीचा पितळी तांब्या घेतला. त्यावर नाव घातलंय, खाली ‘मु. कळवण’. छोट्या छिन्नीने ठोकून घातलेलं, त्यामुळे सलग रेघ कुठेच नाही, सगळे बारीक तुकडे. गोलाई एका फटक्यात येत नाही म्हणून वळणावर तुकडे आखूड आणि दाट झालेत, काना उतरताना लांब आणि विरळ. तांब्या अर्धा तास नुसता फिरवून बघितला, फोटो काढला नाही. वहीत एकच वाक्य लिहिलं, ‘वळणावर दाट, सरळ उतरताना विरळ’, आणि तांब्या कपाटात ठेवून दिला.

हे वाक्य लिहिणं सोडू नका, कृपा करून. जे शब्दात सांगता येत नाही ते तुम्ही आकार म्हणून उचलताय, म्हणजे कॉपीच. आणि काढायचं दुसऱ्या दिवशी, वस्तू समोर न ठेवता. शक्यतो वस्तूवर तुमची अक्षरं नसलेलीच बरी. तांब्यावर आ नव्हता, जो नव्हता, ते मला त्या वाक्यावरून स्वतः बनवावे लागले. ळ मात्र होता, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढला, आ आणि जो बघून. तो तांब्यावरच्या ळ सारखा अजिबात आला नाही, आणि तेच हवं होतं.

असं वाक्य कशातूनही मिळतं. मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवतात, हे घेऊन ब्रश पेनने एखादा शब्द करून बघा. बोरूचा, म्हणजे वेताच्या लेखणीचा, कट तिरका असतो त्यामुळे रेघेची जाडी दिशेप्रमाणे बदलते, तेही एक वाक्यच आहे. पण एका कामाला एकच, दोन नियम एकत्र केले की अक्षरांची खिचडी होते.

हात बसवायला मोठ्या लोकांची अक्षरं गिरवायला काहीच हरकत नाही, मी आजही गिरवतो. फक्त ती वही वेगळी ठेवा आणि त्यातलं पान आपल्या नावाने पोस्ट करू नका.

ट्रेसिंग पेपरवर दोन-तीन वेळा साफ करा, इंक करा, स्कॅन करा.

आणि आता, सगळं झाल्यावर, तो शब्द सर्च करा. तीन-चार जणांना दाखवून "कुठे बघितल्यासारखं वाटतंय का" एवढंच विचारा. कोणी हो म्हणालं तर वाद घालत बसू नका, नेमकं कुठलं अक्षर ते विचारून घ्या आणि तेवढं परत काढा.