कॅन्सर संशोधनासाठी सायकल फेरी : बेळगाव भागात कशी काढावी

रस्ता नंतर, आधी पैशाचं ठरवा. देणगी तुमच्या मंडळाकडे न येता थेट टाटा मेमोरियलसारख्या संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, आणि रक्कम संशोधनालाच लागेल असं त्यांच्याकडून लेखी घ्या. नाहीतर ती रुग्णसाहाय्यात किंवा सर्वसाधारण निधीत जमा होऊ शकते. तेही चांगलंच, पण लोकांनी त्यासाठी दिलेली नसते. करसवलतीच्या पावतीला देणगीदाराचा पॅन लागतो, २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत बसत नाही. म्हणून यूपीआय किंवा चेकच घ्या. टी-शर्ट, केळी, रुग्णवाहिका हा खर्च प्रवेश शुल्कातून नाहीतर प्रायोजकांकडून.

तारीख ४ फेब्रुवारीच्या, म्हणजे जागतिक कर्करोग दिनाच्या, आसपासचा रविवार बघून धरा. १ नोव्हेंबरला, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाला, पोलीस बंदोबस्तात गुंतलेले, डिसेंबरात बहुधा सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. तेव्हा परवानगीच्या नादी लागू नये. अर्ज महिनाभर आधी, मार्गाच्या नकाशासह, आणि कन्नडमध्ये द्या. वेळ वाचतो. शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तालय, बाहेर जिल्हा पोलीस.

महामार्ग टाळा. पिरनवाडीहून जांबोटीच्या दिशेने जाऊन परत, २० आणि ४० किलोमीटरचे दोन गट पुरेत. खरी धास्ती उसाच्या ट्रॅक्टरची. दोन-दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, आणि कांड्या ट्रॉलीबाहेर आलेल्या. सांडलेला ऊस चेंगरला की त्यावर पुढचा ब्रेक दाबणारा हमखास आडवा होतो. इथे जानेवारीअखेर उजाडायला सात वाजतात, त्याआधी झेंडा दाखवू नका, पाहुणे कितीही घाईत असोत. ट्रॉलीला डावीकडून ओलांडायचं नाही, हे सुरुवातीलाच बजावून सांगा.

पाणी माणशी तासाला अर्धा लिटर. १०० जण, तीन तास म्हणजे १५० लिटर. २० लिटरचे आठ जार. दर १० किलोमीटरला थांबा, तिथे ओआरएसही ठेवा.

मेकॅनिकच्या गाडीत २६, २७.५ इंची आणि ७००सी ट्यूब, ४-५-६ एमएमच्या एलन की, ब्रेक शू, चेनच्या जोडकड्या आणि बारीक व्हॉल्व्हचा अडॅप्टर. तो नसला की महागड्या सायकलीच पंपाशेजारी उभ्या राहतात. बरीच पंक्चरं खिळ्याने नव्हे, कमी हवेने होतात : खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टायरवर छापलेला दाब बघून आदल्या संध्याकाळीच हवा मारायला सांगा.

फेरीनंतर आठवड्याभरात जमा-खर्च आणि संस्थेची पोच सगळ्यांना पाठवा. पॅन चुकलेल्यांची दुरुस्ती मात्र ३१ मार्चच्या आत संस्थेकडे पोचवा.