दानशूर अब्जाधीश आणि परग्रहवासी : प्रहसन कसे लिहावे

कडोली, येळ्ळूर, उचगाव येथील मराठी साहित्य संमेलने असोत किंवा खानापूर तालुक्यातील जत्रांमधले रंगमंच असोत, बेळगाव परिसरात चांगल्या प्रहसनाला हमखास प्रेक्षक मिळतो. जगभर दानधर्म करणारा अब्जाधीश आतून परग्रहवासीयांना सामील आहे, ही कल्पना त्यासाठी उत्तम आहे. मात्र ती बेताने हाताळली नाही, तर विनोद मांडवातच राहतो आणि प्रेक्षकांबरोबर अफवा तेवढी घरी जाते.

लिहायला बसण्यापूर्वी माहिती गोळा करावी. धनिकांचा परग्रहवासीयांमधला रस गुप्त नसून तो उघडपणे जाहीर झालेला आहे. अब्जाधीश गुंतवणूकदार युरी मिल्नर यांनी २०१५ साली परग्रहांवरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधण्यासाठी दहा वर्षांत १० कोटी डॉलर खर्च करण्याची घोषणा केली आणि त्या वेळी शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग व्यासपीठावर होते. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या देणगीतून कॅलिफोर्नियात ४२ अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. लास वेगासचे हॉटेल व्यावसायिक रॉबर्ट बिगेलो यांनी तर १९९६ साली गूढ घटनांच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील युटा राज्यात एक मोठी रँच (गुरे पाळण्याची जमीन) विकत घेतली आणि २०१७ साली दूरचित्रवाणीवर, परग्रहवासी पृथ्वीवर वावरत आहेत याची आपल्याला खात्री असल्याचे सांगितले. यांपैकी मिल्नर आणि ॲलन यांनी ज्या शोधाला पैसा पुरवला तो शास्त्रीय आहे, त्याची टिंगल करू नये. प्रहसनाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : साऱ्या मानवजातीच्या वतीने आकाशात काय शोधायचे आणि जमिनीवर कोणाला मदत करायची, हे एका माणसाच्या तिजोरीने का ठरवावे? निम्म्याहून अधिक संपत्ती दान करण्याची जी प्रतिज्ञा २०१० पासून अनेक अब्जाधीशांनी घेतली, ती कायद्याने बंधनकारक नाही, केवळ नैतिक आहे. प्रहसनाचा बाण इथे लागला पाहिजे.

दाता संपूर्ण काल्पनिक ठेवावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे, हे एक कारण झाले. पण त्याहून मोठे कारण असे की, लसीतून शरीरात चिप घालतात ही कंडी करोनाच्या काळात एका खऱ्या दात्याच्या नावावर पिकली आणि अनेकांनी ती खरी मानली. म्हणून लस, औषध, रक्ततपासणी यांना कथानकात अजिबात जागा देऊ नये, मग त्या प्रवेशाला कितीही हशा मिळणार असला तरी.

प्रवेश आपल्या मातीतला निवडावा. समजा, दात्याने गावच्या शाळेला इमारत दिली आहे आणि आज कोनशिलेचे अनावरण आहे. पडदा सरकतो. वर कन्नड हवे की मराठी, यावरून दोन्ही बाजूंचे पुढारी हमरीतुमरीवर येतात. दोघांच्या ओळी शिळेच्या तळाशी बोटभर पट्टीत दाटीवाटीने कोरलेल्या असतात आणि उरलेली सगळी शिळा कोणालाच न वाचता येणाऱ्या हिरव्या अक्षरांनी भरलेली असते, याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. एक मुलगी तेवढी पुढे येऊन विचारते, “गुरुजी, हे वरचं कुणाचं नाव हाय? आन् नळाला पानी कवा येनार?” सीमाभागातल्या प्रेक्षकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. दानफलकावर कोणाची अक्षरे मोठी आहेत हे दिसले, की दानाबरोबर येणारी सत्ताही दिसते.

गावकऱ्यांना बेळगावी बोली द्यावी आणि परग्रहवासीयाला सरकारी परिपत्रकाची भाषा. त्याने “उपरोक्त ग्रहावरील लाभार्थ्यांनी” अशी सुरुवात करताच निम्मे काम होते; हिरवा रंग आणि डोक्यावरच्या तारा यांवर फारसा खर्च करू नये. दाता खलनायक रंगवण्याचा मोहही आवरावा. त्याला स्वतःच्या चांगुलपणाची मनापासून खात्री असली पाहिजे, कारण लबाड माणूस पकडला गेला की नाटक संपते, प्रामाणिक माणसाला मात्र प्रश्न विचारत राहता येते.

तालमीत संहिता एकदा अशा माणसासमोर वाचावी, ज्याला विषय ठाऊक नाही, आणि यातले खरे काय वाटले असे त्याला विचारावे. खोटी गोष्ट त्याला खरी वाटली असेल, तर तो संवाद बदलावा. प्रयोगाची चित्रफीत व्हॉट्सॲपवर जाणारच आणि तिचे तुकडेही होणार, तेव्हा प्रहसनाचे नाव आणि “काल्पनिक” हा शब्द सुरुवातीच्या पाटीवर न ठेवता संपूर्ण चित्रफितीवर कायम दिसेल असा ठेवावा.