मिरचीचं तरू (रोपं) बिघडलं तर आधी मुळी बघा: परड्यातल्या शेडनेटसाठी

९८ कप्प्यांच्या ट्रेमधलं सगळ्यात वाईट दिसणारं एक रोप काढा आणि शेजारचं एक धडधाकट रोपही काढा. दोन्हींच्या मुळ्या भांड्यातल्या पाण्यात हलवून धुवा आणि पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा. दोन रोपं वाया गेल्याची हळहळ वाटेल, पण उरलेली शहाण्णव वाचवायची तर एवढं करावंच लागतं. पानं सगळ्या दुखण्यांत जवळपास तशीच पिवळी पडतात. मुळी मात्र नेमकं काय झालंय ते दाखवते.

मुळी पांढरी, केसाळ आणि गड्ड्याला चारी बाजूंनी धरून असेल, तर दुखणं वरचं आहे: ऊन, किडा किंवा खत. मुळी तपकिरी असेल आणि बोटानं ओढल्यावर साल निसटून आत दोऱ्यासारखा धागा उरत असेल, तर ती कुजली आहे. मुळ्या फक्त वरच्या अर्ध्या भागात असतील आणि तळाचा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसताच ओला असेल, तर खालचं पाणी निघत नाही. मुळीवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत. नवीन कोकोपीटच्या ट्रेत ते सहसा येत नाहीत, मातीच्या पिशवीत किंवा वाफ्यात येतात. गाठींच्या रोपाला औषध नाही असंच समजा. माती बदला आणि ती जुनी माती पुन्हा मिरची-वांगी-टोमॅटोला वापरू नका.

आता पाण्याकडं. घरच्या शेडनेटमध्ये मरणाऱ्या रोपांपैकी बरीचशी तहानेनं नाही, लाडानं मरतात. दुपारी रोप मान टाकतं, आपण पाणी घालतो, संध्याकाळी पुन्हा मान टाकलेली दिसते, पुन्हा पाणी. कुजलेल्या मुळीला पाणी ओढताच येत नाही, म्हणून ओल्या मातीतही रोप सुकल्यासारखं दिसतं. यावर उपाय म्हणजे ट्रे उचलून बघायची सवय. पाणी दिल्यावर लगेच एकदा उचला, वजन हाताला कळू द्या. पाणी पुन्हा द्यायचं ते ट्रे हलका लागला आणि वरचा थर फिकट झाला की. ९८ कप्प्यांच्या ट्रेला एका वेळी साधारण एक लिटर पुरे होतं. मार्च-एप्रिलात दिवसातून दोनदा लागेल. जून-जुलैत दोन दिवसांतून एकदाही पुष्कळ झालं. पाणी सकाळी द्या. मिरगाची झड लागल्यावर दुपारी चारनंतर पानं ओली करू नका, रात्रभर वाळत नाहीत.

ट्रे जमिनीवर ठेवला असेल तर आधी उचला. दोन विटांवर फळी किंवा जाळीचा बाक करा. खालची भोकं हवेत लोंबकळली पाहिजेत, म्हणजे मुळी भोकाशी येऊन थांबते आणि गड्डा भरतो.

रोप उगवून आठ-दहा दिवसांत जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलं, तर ते कोलमडणं. पिथियम किंवा रायझोक्टोनिया ही बुरशी देठाला मातीच्या रेषेवर दोऱ्यासारखं करते. पडलेलं रोप उभं होत नाही. त्याच्याभोवतीचे दोन-दोन कप्पे रिकामे करून तो कोकोपीट लांब टाका आणि उरलेल्या ट्रेला कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं बुरशीनाशक) लिटरला ३ ग्रॅम मिसळून ओता, प्रत्येक कप्प्याला साधारण १० मिली. त्यानंतर दोन दिवस पाणी बंद. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचं तर ते पेरणीआधी कोकोपीटमध्ये मिसळायचं, किलोला १० ग्रॅम. तांब्याचं औषध ओतलेल्या ट्रेत त्याच आठवड्यात ट्रायकोडर्मा टाकणं म्हणजे एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घेणं.

बियाणं दाट पडलं, ट्रेवर प्लास्टिक पसरून ते दोन दिवस जास्त राहिलं, किंवा गेल्या वर्षीचा ट्रे नुसता झटकून वापरला, की कोलमडणं येतंच. कुठं-कुठं अंकुर दिसू लागले की त्याच दिवशी प्लास्टिक काढा. सगळी उगवायची वाट बघू नका. जुना ट्रे आधी साबणाच्या पाण्यानं घासा, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि उन्हात वाळवा.

पाण्याच्या प्रतीचा प्रश्न आपल्या भागात गावागणिक बदलतो. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी माती आंबट. पाऊस इतका की माध्यमातलं, म्हणजे कोकोपीट-मातीतलं, खत धुऊन जातं. उलट अथणी-रायबागकडची काळी माती चुनखडीची, आणि बऱ्याच बोरचं पाणी जड असतं. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसत असेल तर तेच पाणी रोपालाही थर चढवतं. घरच्या फिल्टरवाल्याकडचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) एकदा मागून घ्या. आकडा ५०० पीपीएमच्या आत असेल तर निश्चिंत. १००० च्या वर असेल तर ते पाणी रोपांना नको, मोठ्या झाडांना चालेल. आणि आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून रोपांना घालणं तर बंदच करा. क्षार त्यातच गोळा झालेले असतात. काटकसर म्हणून बरी दिसते, पण त्या पाण्यानं तीन आठवड्यांत पानांची टोकं करपतात आणि कोकोपीटवर पांढरी पापडी धरते.

पापडी आधीच धरली असेल तर ट्रेच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पावसाचं किंवा कमी टीडीएसचं पाणी हळूहळू वरून सोडून खालून वाहू द्या. कोकोपीटची वीट स्वस्तातली, न धुतलेली असेल तर ती मुळातच खारट असते. फुगवल्यावर पिळून पाणी टाका, असं तीनदा करा, मग भरा.

जड पाण्याचं दुसरं लक्षण शेंड्याला दिसतं. नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. हे लोह न मिळाल्यानं होतं. माध्यमात लोह असतं, पण चुन्यामुळं मुळीला घेता येत नाही. दहा लिटर पाण्यात २ ते ३ ग्रॅम लिंबूसत्व टाकून पीएच कागदानं तपासा. ६ ते ६.५ च्या दरम्यान आलं की ते पाणी द्यायला योग्य. तोवर शेंड्यावर लिटरला २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्धा ग्रॅम लिंबूसत्व अशी फवारणी संध्याकाळी करा, आठवड्यानं पुन्हा एकदा. जुन्या, खालच्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती मॅग्नेशियमची कमतरता. लिटरला ३ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. खालची पानं सरसकट फिकी पडून गळत असतील तर नत्र कमी, १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही दोन खरी पानं आल्यावर. याहून जास्त देऊन रोप लवकर वाढत नाही, लवकर करपतं.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मळी (प्रेसमड) फुकटात किंवा स्वस्तात मिळते. ती वर्षभर कुजलेली नसेल तर ट्रे-पिशवीत घालू नका. ओली मळी आत तापते, मुळ्या भाजतात. ताज्या शेणाचंही तसंच.

पानं गुंडाळणं हे मिरचीचं नेहमीचं रडगाणं आहे. त्याला सगळीकडं सरसकट 'बोकड्या' म्हणतात, आणि इथंच चूक होते, कारण त्या एका नावाखाली तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचं औषध निरनिराळं. दहापट दाखवणारं भिंग घ्या, ते नसेल तर पांढरा कागद शेंड्याखाली धरून शेंडा दोनदा झटका.

पान वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं असेल, पाठीवर चंदेरी चकाकी असेल आणि कागदावर सुईच्या टोकाएवढे पिवळसर लांबट किडे सरपटत असतील तर ते फुलकिडे. पान खालच्या बाजूला वळलं असेल, उलट्या होडीसारखं, देठ लांबलेला, पान कडक आणि कागदावर काहीच नाही, तर तो कोळी. तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. आणि पानं बारीक, जाड शिरांची, झुपक्यात, रोप खुंटलेलं, पानाखाली पांढरी माशी उडत असेल तर तो विषाणू.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे लावा, दहा बाय बारा फुटांच्या शेडनेटला चार पुरेत, शेंड्याच्या उंचीला. ५ टक्के निंबोळी अर्क दर पाच दिवसांनी तीनदा मारा. ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यानं गाळा, एक लिटर करा आणि चिमूटभर कपडे धुण्याचा साबण विरघळवून त्यात टाका. पानाच्या पाठीवर मारा, वरून मारून उपयोग नाही. तरी आवरले नाहीत तर स्पिनोसॅड ४५ टक्के, लिटरला ०.३ मिली. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम. गंधक ३२ अंशांवरच्या उन्हात मारलं तर पानं जळतात. निंबोळीच्या किंवा कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीपासून गंधक दोन आठवडे लांब ठेवा. विषाणूच्या रोपाला औषध नाही. उपटा, पिशवीत बांधून बाहेर न्या. पांढऱ्या माशीसाठी पिवळे सापळे आणि ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जाळी. शेडनेटचं हिरवं कापड ही जाळी नव्हे, त्यातून माशी आरामात आत येते. फुलकिडे तर ४० मेशमधूनही शिरतात.

यातलं काहीच जुळत नाही, कागदावर किडा नाही, पण नवी पानं दोऱ्यासारखी अरुंद, पंख्यासारखी वळलेली, देठ पिळवटलेले आणि शेडनेटच्या एकाच बाजूचे सगळे ट्रे एकाच आठवड्यात बिघडलेले? मग कुंपणापलीकडच्या उसाकडं बघा. उसातल्या तणाला मारलेल्या २,४-डीचं वारं मिरची-टोमॅटोला चांगलंच बाधतं. तोच फवारणी पंप धुऊन घरी आणला असेल तरी पुरतं, कारण नळीत आणि वॉशरमध्ये औषध राहतं. रोपांचा पंप वेगळा ठेवा, त्यात तणनाशक कधी जाऊ नये. थोडी बाधा असेल तर रोप तीन-चार आठवड्यांत नवीन शेंडा काढतं. शेंडा पार पिळला असेल तर राखू नका.

निपाणी-चिकोडीच्या तंबाखू पट्ट्यात आणखी एक गोष्ट. पानांवर गडद-फिक्या हिरव्या रंगाचे ठिपके-पट्टे, पान खडबडीत, हा मोझॅक विषाणू. तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू वाळलेल्या पानात, म्हणजे विडीत आणि चघळायच्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हातानं रोपाला लागतो. तंबाखू मळलेल्या किंवा विड्या वळलेल्या हातांनी रोपं काढू नयेत. आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवा, आणि पुनर्लागणीच्या दिवशी अधूनमधून साय काढलेल्या दुधात बोटं बुडवा, दुधातल्या प्रथिनामुळं विषाणू निकामी होतो. घरच्या संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरचीतून बी काढलं असेल तर विषाणू बियाच्या सालीवर असू शकतो. ट्रायसोडियम फॉस्फेट लिटरला १०० ग्रॅम, त्यात अर्धा तास बी भिजवा आणि वाहत्या पाण्यात चांगलं धुवा.

उजेड हा थोडक्यात उरकण्याचा विषय, पण चुकतो सर्वांचाच. रोप उंच, लुकडं, पानांतलं अंतर मोठं, उजेडाकडं झुकलेलं, म्हणजे सावली जास्त. बाजारात ७५ टक्के सावली करणारं कापड आधी हातात देतात. मिरचीला ३५ ते ५० टक्के पुरे. पावसाळ्यात ढगच सावली करतात. तेव्हा वरचं हिरवं कापड गुंडाळून नुसता प्लास्टिकचा कागद ठेवा. उन्हाळ्यात उलट. रोपांच्या उंचीवर सावलीत थर्मामीटर टांगा. ३५ अंशांच्या वर गेलं की दोन्ही बाजूंचे पडदे आणि वरची झडप उघडी पाहिजे. छत सहा फुटांवर आणि वर झडप नसलेलं शेडनेट म्हणजे भट्टी, त्यात औषध शोधत बसू नका.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही. महिन्याच्या रोपाची पहिली दोन दले पिवळी पडून गळतात, ते ठीक आहे. पेरांवर जांभळी छटा हा बऱ्याच जातींचा रंगच असतो. पानाच्या पाठीवर जांभळट रंग मात्र डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत स्फुरद न उचलल्यानं येतो आणि ऊब आली की जातो. रात्री पडदे खाली सोडा, खत घालू नका. पावसाळ्यात पानाखाली पांढरट खडबडीत फोड दिसतात, ते रोग नव्हेत. पाणी जास्त आणि हवा कोंदट असली की पेशी फुटतात. पाणी तोडा, पडदे उघडा. काळ्या बारीक चिलटांचंही मूळ तेच. वरचा थर दोन दिवस कोरडा राहिला की त्यांची अळी मरते.

कुठलंही औषध आणताना डब्यावरचा त्रिकोण बघा: हिरवा सगळ्यात सौम्य, मग निळा, पिवळा, आणि लाल सर्वात विषारी. घराला लागून असलेल्या शेडनेटमध्ये पिवळा आणि लाल नकोच. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मुलांना आत सोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चार दिवस थांबा. तिन्ही औषधं एका पंपात घातली तर रोप सुधारलं तरी कशानं ते कळत नाही, आणि बिघडलं तर तेही नाही.

पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांचं, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचं, सहा खरी पानं असलेलं रोप लागणीला घ्या. आधीचे सात दिवस पाणी थोडं तोडा आणि दिवसा पडदे काढून उन्हाची सवय लावा. पन्नास दिवसांनंतरही बोटभर राहिलेलं रोप जमिनीत जाऊन बरं होईल या आशेवर लावू नका. जागा अडते, आणि जे काही त्याला झालं होतं ते शेजारच्या रोपांना मिळतं.