फेजवर काम करायचंय? आधी एकच संकुल धरा

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करून फेजच्या, म्हणजे जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंच्या, संशोधनात येऊ पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, "सुरुवात कुठून करू?" 2018 मध्ये इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या रोटेम सोरेक यांच्या गटानं जिवाणूंच्या फेजविरोधी नव्या संरक्षणयंत्रणा एकदम मांडल्या: झोर्या, थोरिस, गाबिया वगैरे. तेव्हापासून यादी वाढतेच आहे आणि नवखा माणूस नावं पाठ करण्यातच दमतो. माझं सांगणं एवढंच, की एक संकुल (एकत्र काम करणाऱ्या प्रथिनांचा गट) धरा आणि ते पेट्री प्लेटपासून रेणूपर्यंत नीट समजून घ्या.

मी ई. कोलाय या जिवाणूमधलं एमसीआरबीसी धरलं; एमसीआरबी आणि एमसीआरसी या दोन प्रथिनांचं हे संकुल. टी-फोर जातीच्या फेजच्या डीएनएत साध्या सायटोसिन या बेसऐवजी (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) हायड्रॉक्सिमेथिल सायटोसिन असतं. एमसीआरबीसी असं बदललेलं सायटोसिन ओळखून डीएनए कापतं. त्यावर फेजनं त्याच बेसवर ग्लुकोज चढवून बचाव केला. 1952 मध्ये साल्वादोर लुरिया आणि मेरी ह्युमन यांना काही फेज एका जिवाणूत वाढून आल्यावर नेहमीच्या ई. कोलायवर वाढेनासे झालेले दिसले. त्याचं कारण पुढे या ग्लुकोजच्या अभावात सापडलं.

एमसीआरबीसीची रचना 2019 मध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या के. साईकृष्णन यांच्या गटानं क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं उलगडली. तो पेपर वाचाच, आणि शेजारी किमेरा-एक्स या रेणूंची रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रचना उघडून स्वतः फिरवून बघा. एमसीआरबीच्या सहा रेणूंचं एक वलय, अशी दोन वलयं, आणि त्यांना जोडणारे एमसीआरसीचे दोन रेणू. वलयाच्या मधल्या भोकात डीएनए असेल असं वाटतं, पण तिथे एमसीआरसीचाच दांडा रुतलेला आहे! कापण्याचं कामही एमसीआरसीकडेच. डीएनएवरून सरकणारी इतर रिस्ट्रिक्शन एन्झाइमं (परका डीएनए कापणारी प्रथिनं) एटीपी या इंधन-रेणूवर चालतात, हे मात्र जीटीपी या दुसऱ्या इंधन-रेणूवर. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी जेवायला उठलोच नाही.

आता हाताचं काम. प्लाक अ‍ॅसे, म्हणजे फेजनं जिवाणूंच्या थरात पाडलेले साफ ठिपके (प्लाक) मोजायची चाचणी, हातात बसली की बाकीचं सोपं जातं. सॉफ्ट अगार 45 अंशांच्या आसपास आलं की मगच जिवाणू मिसळा. जास्त गरम असेल तर पेशी मरतात, थंड झालं तर गोळे पडतात. फेजचं डायल्यूशन करताना दर पायरीला पिपेटची टिप बदला. आणि दाट थेंबाखाली साफ डाग दिसला म्हणून संसर्ग झाला असं लिहू नका. खूप फेज एकदम चिकटले तर ते न वाढताही पेशी फुटतात. सुटे प्लाक मोजता येतील इतकं पातळ करत जा, आणि संरक्षण असलेल्या व नसलेल्या पेशींवरच्या आकड्यांचं गुणोत्तर काढा. सोबत तुलनेसाठी रिकामा प्लास्मिड (संरक्षणाची जनुकं नसलेलं डीएनएचं छोटं वर्तुळ) आणि कापण्याची जागा निकामी केलेला म्युटंट हवाच.

स्ट्रेनची (जिवाणूच्या वाणाची) जनुकीय माहिती अक्षर न अक्षर वाचा. क्लोनिंगसाठी घराघरात असावा तसा लॅबोलॅबी सापडणारा डीएच-टेन-बी हा स्ट्रेन घ्या: त्यातून एमसीआरबीसीची जनुकंच काढून टाकलेली आहेत. मेथिलीकरण झालेला वनस्पतींचा डीएनए त्यात टिकतो तो म्हणूनच. एमजी-1655 या ई. कोलायच्या दुसऱ्या स्ट्रेनमध्ये ती शाबूत आहेत. तुलना करण्याआधी जनुकीय माहितीतली ही नोंद तपासली नाही, तर निकालाला अर्थ उरत नाही.

इंटर्नशिपसाठी ई-मेल लिहिताना मोघम आवड सांगू नका, नेमका प्रश्न विचारा. टी-फोरकडे आर्न नावाचं प्रथिन आहे. ते डीएनएचं सोंग घेऊन एमसीआरबीसीला अडवतं. तुम्ही निवडलेल्या संकुलाविरुद्ध फेजकडे असं काय आहे, तिथून प्रश्न काढा.