बी५५० मदरबोर्ड मिळेना म्हणून बी४५० घेतला, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही

रायझन ५ ५६०० प्रोसेसरसाठी बी५५० कुठेच स्टॉकमध्ये नव्हता, मग बी४५० घेतला, सॉकेट तोच एएम४. जोडलं तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी. एकच रॅम लावून, बोर्डावरचा सेल काढून, ग्राफिक कार्ड बदलून झालं, डोकंच फिरलं. बोर्डाचा बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) ५००० सिरीजच्या आधीचा होता, म्हणून ५६०० ओळखतच नव्हता.

बोर्डाच्या सीपीयू सपोर्ट लिस्टमध्ये ५६०० समोर दिलंय ते किंवा त्यानंतरचं बायोस उतरवा, पेनड्राइव्ह फॅट३२ करून फाईलला मॅन्युअलमधलंच नाव द्या, २४ पिन आणि ८ पिन पॉवर जोडून पेनड्राइव्ह फ्लॅशबॅकवाल्याच (फ्लॅशबॅक म्हणजे पीसी चालू न करता बायोस बदलायची सोय) यूएसबीत लावा, पीसी बंद ठेवूनच मागचं फ्लॅशबॅक बटण दाबा. लाइट मिचमिचतोय तोवर अजिबात हात लावू नका, थांबला की चालू करा, डिस्प्ले येतो. हे बटण सगळ्या बी४५० ला नसतं, मागचं पॅनल बघूनच घ्या. पीसीआयई ४ (एसएसडी, ग्राफिक कार्ड ज्यावर जोडतात त्या जोडणीचं ३ पेक्षा वेगवान व्हर्जन) मात्र विसरा, एसएसडी पीसीआयई ३ च्या स्पीडनेच चालते, मला चालतंय.